गोंडाळाचं औषध

आमच्या घरात ही गोष्ट ‘भाजीची गोष्ट’ म्हणून ओळखली जाते. ईदच्या दिवशी जेवणं उरकली, सुपारीचा डबा फिरला, की कोणीतरी भाचा म्हणतो, “मामू, ती भाजीची सांगा,” आणि मी नको नको म्हणत मांडी घालून बसतो. मला आग्रह आवडतो हे सगळ्यांना माहीत आहे. गोष्ट एवढीच, की सतराव्या वर्षी मी माझ्या मामूंच्या गावी तळ्यावर मासे धरायला गेलो आणि आठ दिवस रोज टोपलीभर शेवाळ धरून घरी आलो. आठव्या दिवशी मुमानीनं, म्हणजे मामूंच्या बायकोनं, टोपलीत डोकावून विचारलं, “लसूण घालून परतू, का डाळ घालून पातळ करू?” इथे पोरं हसतात आणि गोष्ट संपते. गेली कित्येक वर्षं मी ती इथेच संपवत आलो आहे. आता लिहायलाच बसलोय, तर पुढचंही लिहून टाकतो. बोलताना माझ्याच्यानं ते झालं नसतं.

तेव्हा आम्ही लोणावळ्यात रेल्वेच्या चाळीत राहायचो. अब्बा पंपावर होते. घाट चढून आलेली इंजिनं तहानलेली असायची, त्यांना पाणी पाजायचं ते अब्बांच्या पंपानं. त्या पंपाचा ढक्-ढक् आवाज आमच्या घराला इतका लागून होता, की तो मध्येच थांबला तर अम्मा चुलीपुढून उठून दारात यायची. अब्बा घरी आले की त्यांच्या अंगाला तेलाचा आणि ओल्या लोखंडाचा वास यायचा. जेवायला भात, वर आमटी, आणि बाजारच्या दिवशी कांद्यात परतलेला सुका जवळा. मॅट्रिकला मी पडलो होतो. पडलो होतो म्हणजे गणितात पडलो, इंग्रजीत आपटलो. मग अब्बांनी साहेबाच्या हातापाया पडून मला पंपावर बदली हमाल म्हणून चिकटवलं. कोणी रजेवर गेला की मी कामाला, एरवी घरी. पण खाकी सदरा मिळाला होता, आणि तो मी कामावर नसतानाही घालून बाजारातून हिंडायचो. नात्यातल्या लग्नात कोणी विचारलं तर “रेल्वेत आहे,” म्हणायचो. हमालाचं नाव काढत नव्हतो.

पंपाच्या हौदात शेवाळ माजायचं. ते पाइपात गेलं की पंप गुदमरायचा. त्यावर उपाय मोरचुदाचा. निळ्या काचेसारखे खडे, दिसायला असे देखणे की लहानपणी मी एक चाटून पाहिला होता आणि दिवसभर तोंड वाकडं करून फिरलो होतो. ते खडे गोणपाटात बांधायचे, गाठोडं काठीला अडकवायचं आणि हौदाच्या कडेकडेनं पाण्यातून फिरवायचं. निळी रेघ उमटते, विरते, आणि चार दिवसांत हिरवंगार शेवाळ तपकिरी होऊन तळाला बसतं. अब्बा याला ‘औषध देणं’ म्हणायचे. “आज हौदाला औषध द्यायचंय,” असं म्हणून ते स्टोअरचं कुलूप काढायचे आणि खडे तराजूत मोजून घ्यायचे. एक खडा जास्त झाला तर परत टाकायचे. मला तो त्यांचा चिक्कूपणा वाटायचा.

मामूंचं गाव आंदर मावळात. नाव लिहीत नाही, तिथे आमची माणसं अजून आहेत. वडगावला गाडीतून उतरायचं आणि मग पाच तास चालायचं. गावात मुसलमानाचं घर मामूंचं एकटं. भाताची दोन खाचरं, एक म्हैस, आणि गावकीत चांगला मान. त्या चैत्रात माझी बदली लागत नव्हती, म्हणून अब्बांनी मला तिकडे पाठवून दिलं. जाताना मी खंडाळ्याच्या एका बंगल्यातल्या बटलरकडून विलायती गळ मागून घेतले होते. त्याचा साहेब त्या गळांनी मासे धरायचा. साहेबाचे गळ, रेल्वेचा सदरा, आणि डोक्यात अशी हवा की गावातले मासे माझीच वाट बघत असणार.

गावाचं तळं लहानसं. एका अंगाला दगडमातीचा बांध, बांधाखाली खाचरांना पाणी सोडायची मोरी. माशांचा तिथे एक रिवाज होता. वैशाखात पाणी कमरेला आलं की एक दिवस ठरवून सगळा गाव तळ्यात उतरायचा. निघालेले मासे बांधावर ओतून घरटी सारखे वाटे घालायचे. मग एक म्हातारा वाट्यांकडे पाठ करून उभा राहायचा. दुसरा एका वाट्यावर काठी टेकवून विचारायचा, “ह्यो कुनाचा?” आणि म्हातारा न बघता एका घराचं नाव घ्यायचा. त्यामुळे मोठा मासा कुणाला गेला यावरून कधी तंटा झाला नाही. बाकी वर्षभर तळ्यात हात घालायचा हक्क एकाच घराला, तो सोनी कातकरणीला. बांधाच्या टोकाला तिची झोपडी होती. पावसाळ्यात बांध राखायचा, मोरीच्या तोंडाशी साचणारं गोंडाळ उपसत राहायचं, आणि त्याबदल्यात हातानं आणि टोपलीनं मिळतील ते मासे खायचे. गोंडाळ म्हणजे तेच शेवाळ, लांब केसांसारखं. सोनी मामूंपेक्षा वयानं मोठी होती. गावात प्रत्येक म्हातारीला मावशी म्हणायची पद्धत, पण तिला पोरंठोरंसुद्धा ‘सोने’ म्हणून हाक मारायची. मीही तसंच म्हणायचो. आता लिहिताना सोनाबाई लिहितो. खर्च काही नाही त्याला.

साहेबाचे गळ आणि गावचं गोंडाळ यांचं जमलं नाही. गळ टाकला की तो पाण्यात जायच्या आधीच हिरव्या गादीवर बसायचा. जोर करून बुडवला तर वर येताना अर्धं तळं घेऊन यायचा. दोरी जड लागली की माझी छाती फुगायची, मरळ असणार असं वाटायचं, आणि ओढून काढलं की हातभर लांबीची झिपरी. बांधावर गुरं राखणारे बसलेले असायचे. “पाव्हणं, ह्या वक्ताला बाई गावली जनू! केस आलं, आता मुंडकं यील,” असं कोणीतरी म्हणायचं आणि सगळे खिंकाळायचे. तिकडे सोनाबाई गुडघाभर पाण्यात वाकून, गोंडाळाखाली अलगद टोपली सारायची, टोपलीसकट गोंडाळ वर उचलायची, झटकायची, आणि टोपलीत चिंगळ्या तडतडत राहायच्या. मग ते गोंडाळ पुन्हा हळूच पाण्यात सोडून द्यायची. मला तो शुद्ध अडाणीपणा वाटला. शत्रू हातात सापडलाय आणि बाई त्याला परत सोडते.

मग आठवा दिवस, मुमानीचं लसूण आणि डाळ. घरात मामू हसले, मामूंची लहान पोरगी तर लोळायला लागली. मीही हसलो. पण माझ्या खाकी सदऱ्याला ते लागलं. सतरा वर्षांच्या माणसाला काय काय लागतं! दुसऱ्याच दिवशी रेल्वेच्या साहेबानं बोलावलंय अशी थाप मारून मी लोणावळ्याला गेलो. अब्बा हौदावर असताना त्यांच्या किल्लीनं स्टोअर उघडून चार शेर मोरचूद पिशवीत भरला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गावात हजर. चार शेर का, तर पिशवीत तेवढाच मावला. अब्बांचा तराजू तिथेच समोर टांगलेला होता.

सकाळी लवकर तळ्यावर गेलो. तेव्हा तिथे सोनाबाईशिवाय कोणी नव्हतं. मी गोणपाटाचं गाठोडं काठीला बांधत होतो. ती झोपडीतून खाली आली.

“ह्ये काय करतूस रं, पाव्हण्या?”

“औषध घालतोय.”

ती जागच्या जागी उभी राहिली. “आवशीद? नगं रं बाबा. पानी कमी झालंय. बारकी पिल्लं हायती सगळी गोंडाळात. आवशीद नगं घालूस.”

मी हसलो. तिच्या बोलीत पाण्यात औषध घालणं म्हणजे गेळाची फळं कुटून टाकणं, मासे गुंगवून वर आणणं. माझ्या बोलीत औषध म्हणजे अब्बांचा हौद. मी तिला मोठ्या मायेनं समजावलं, “अगं सोने, हे माशांचं औषध नाही. हे गोंडाळाचं औषध आहे. शेवाळ मरतं, मासा राहतो. रेल्वेत असंच करतात.”

“तुमच्या रेल्वेत मासं हायती?”

या प्रश्नावर मी थांबायला हवं होतं. अब्बांच्या हौदात मी जन्मात एक मासा पाहिला नव्हता. पण मला तो प्रश्न विनोदी वाटला. “तुला नाही कळायचं,” म्हणालो आणि पाण्यात उतरलो. ती बांधावरून बरोबरीनं चालत राहिली. “नगं, नगं,” म्हणत राहिली. हात धरला नाही, मामूंचा भाचा होतो ना मी. निळी रेघ माझ्यामागून येत होती. तळ्याला पुरता वेढा घालून मी बाहेर आलो, रिकामं गोणपाट झुडपात फेकलं आणि न्याहारीला घरी गेलो. मुमानीनं तांदळाची भाकरी आणि म्हशीचं दही वाढलं. चांगल्या दोन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर बगळे एवढे उतरले, की लांबून बांधाला चुना लावल्यासारखं दिसत होतं. मासे वर आले होते. आधी बारके, मग मळे जातीचे, मग अशा मरळी की माझ्या गळाला लागल्या असत्या तर मी गावभर मिरवल्या असत्या. काही अजून तोंडं उघडमीट करत होत्या. गोंडाळ मात्र खरंच मरत होतं. कडेनं तपकिरी होऊन त्याच्या दोऱ्या तुटत होत्या. तेवढं माझं औषध गुणाचं निघालं. तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि वास गावात शिरला. वैशाखातला सगळ्या गावाचा मासा चैत्रातच सडत पडला होता.

गाव बांधावर जमला. पाटलांना सगळे आबा म्हणत. आबांनी एक मेलेली मरळ काठीनं उलटी केली आणि सोनाबाईकडे बघून विचारलं, “सोने, गेळ टाकलास न्हवं?”

“न्हाई, आबा. म्या कशापायी टाकू? माजंच प्वाट हाय ते.”

“मग कुनी टाकलं? गेळ कुटाया तुमच्याबिगर येतंय कुनाला?”

“गेळानं मासा गुंगतो, आबा, मरत न्हाई. आन गेळ टाकला तर गोंडाळ जळंल का? बगा की तुमी. कडंनं समदं जळालंय.” मग तिनं सरळ माझ्याकडे बोट केलं. “ह्या पाव्हण्यानं आवशीद घातलं. म्या हितं उबी व्हते. निळं व्हतं.”

मागून कोणीतरी म्हणालं, “केस धरनारा पाव्हना!” आणि दोघं-तिघं हसले. ते हसणं माझ्या बाजूचं होतं. ज्याला आठ दिवसांत एक मासा धरता आला नाही, तो तळं काय मारणार! पण मामू हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले.

“रशीद, तू पान्यात काई टाकलंस?”

मी म्हणालो, “मी माशांना औषध नाही घातलं.”

शब्द न् शब्द खरा होता. ते उत्तर मी आदल्या दिवसापासून मनात घासून ठेवलं होतं. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ मी स्वतःला भित्रा म्हणून सोडून दिलं असतं. पण आबा अजून त्या जळालेल्या गोंडाळाकडे बघत होते. म्हातारीचं बोलणं त्यांना पटत चाललं होतं, ते मला दिसलं. मग मी तोंड उघडलं. “आबा, शेवाळाचं म्हणाल तर पाणी आटलं आणि ऊन लागलं की ते आपोआप जळतं. आमच्या हौदात दर उन्हाळ्यात जळतं. पुस्तकातही आहे.” आवाज कसा स्वच्छ आला होता! मॅट्रिकच्या तोंडी परीक्षेत असा कधी आला नव्हता.

आबांनी मान हलवली. “पोरगं रेल्वेत हाय, त्याला ठावं असनार,” असं कोणीतरी म्हणालं, आणि झालं. एका म्हातारीजवळ होता नव्हता तो एकच पुरावा, तोही मी पुस्तकाचं नाव सांगून पुसून टाकला. गावानं ठरवलं, की सोनीनं बांध सोडायचा. पावसाच्या आधी दुसरा राखणदार बघायचा.

मामूंचं घर गावात एकटं, मी कबूल झालो असतो तर त्यांच्यावर आलं असतं, म्हणून मी गप्प बसलो, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. अजूनही कधी कधी सांगून बघतो. खरं तर बांधावर उभा असताना मला मामूंची आठवणसुद्धा नव्हती. बांधावर सगळे रेल्वेचा माणूस म्हणून माझं ऐकत होते, तेवढंच मला कळत होतं.

घरी आल्यावर मुमानीनं माझा खाकी सदरा धुवायला मागितला. त्याच्या शिवणीला आणि बाह्यांना निळे डाग होते. ती चिंच लावून बराच वेळ घासत बसली. डाग निघाले नाहीत, फिकट झाले. सदरा वाळत घालताना तिनं आतली बाजू बाहेर केली. त्यानंतर तिनं माझी कधी थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला परत निघालो. सोनाबाईही त्याच सकाळी झोपडी मोडून निघाली होती. डोंगराच्या अंगाला तिच्या भावाची वाडी होती, तिकडे. मामूंनी मला सांगितलं, “तुजी वाट तीच हाय. म्हातारीचं वज्जं घे फाट्यापतुर.” का सांगितलं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. मी तिचे झोपडीचे वासे आणि एक मडकं डोक्यावर घेतलं. तिच्या कडेवर चार वर्षांचा नातू होता, खांद्यावर मान टाकून पडलेला. मुलगा आणि सून कोळशाच्या भट्टीवर गेलेली, पोर तिच्यापाशीच असायचं. आम्ही तास-दीड तास चाललो. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं, मी चिडलो असतो.

फाट्याजवळ ती सावलीला थांबली. आजूबाजूला माणूस नव्हतं. तिनं पोराचं तोंड पदरानं पुसलं आणि मला विचारलं, “पाव्हण्या, त्ये तुजं निळं आवशीद. मानसाच्या प्वाटात गेलं तर काय व्हतं?”

मी डोक्यावरचे वासे सावरले.

“आमी पानी तितलंच पितो रं. हिरीवर कोन चढू देतंय आमाला? आन ह्येनं मासाबी खाल्ला. कालपास्नं वकतोय. तुला ठावं न्हसंल तर तुज्या बापाला इचार की. त्येला ठावं आसंल. माज्या वाडीला सांगावा धाड.”

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता, हे मला आजही नीट आठवतं. तळं गेलं, बांध गेला, ते तिच्या लेखी संपलं होतं. तिला एक माहिती हवी होती, आणि ती ज्याच्याकडे असू शकेल असा तिच्या ओळखीचा माणूस मी एकटा होतो. त्या तळ्याचं पाणी कोणी पितं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गावाची विहीर होती ना.

माझ्या तोंडून निघालं, “मी औषध घातलंच नाही, तर विचारू काय?”

ऐकायला कोणी नव्हतं. जिनं मला दोन हातांवरून पाण्यात उतरताना पाहिलं होतं, तिलाच मी हे सांगत होतो. ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. राग नव्हता, एखादं जनावर अडून का बसलंय ते बघावं तसं. मग पोराला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं, हात वर करून माझ्या डोक्यावरचे वासे आणि मडकं उतरवून आपल्या डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, “बरं. जा, तुजी गाडी जाईल.”

संध्याकाळी घरी पोचलो तर अब्बा नुकतेच पंपावरून आले होते. अम्मानं दोघांना एकदमच वाढलं. भात कालवता कालवता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की हौदातलं औषधाचं पाणी चुकून कोणा पोरानं प्यायलं तर काय होतं. अब्बा म्हणाले, “वांत्या होतात. दूध पाजायचं, पोटभर पाजायचं, तासातासाला. दुधानं उतरतं.” आणि मग, “का रे?”

“काही नाही,” म्हणालो.

माझं जेवण अर्धंच झालं होतं. पहाटे वडगावकडे एक गाडी जायची, अब्बांच्या पासावर मला ती फुकट होती, आणि त्या वाडीची वाट मी फाट्यापर्यंत पाहून आलो होतो. ती गाडी मी धरली नाही, सांगावाही धाडला नाही. अम्मानं विचारलं, भात अजून वाढू का. मी ताट पुढे केलं.